तरवडाखालचं बीळ

आमच्या आत्याने आम्हा दोघी बहिणींची वाटणी फार लवकर करून टाकली होती. गोदाक्का तरवड आणि मी उंदीर. मी पाच वर्षांची असताना माय गेली, आणि दादांची थोरली बहीण धोंडाआत्या, जी लग्नानंतर वर्षभरातच कपाळ पांढरं होऊन माहेरी परतली होती, ती घराची मालकीण झाली. तिला माणूस सरळ माणसासारखा कधी दिसतच नसे. दादा तिच्या लेखी बैल होते, शेजारची काशी बोरीचं झुडूप होती, आणि गावातले मास्तर म्हणजे पाण्याकाठी एका पायावर उभा राहणारा बगळा. यात कौतुक नसे आणि शिवीही नसे. वाण्याने पुडीवर नाव लिहावं तसं ती लिहायची, आणि एकदा लिहिलं की खोडायची नाही. मी तिच्याशी या उंदरावरून पुष्कळ भांडले. उंदीर म्हटलं की मी चिडायचे, चिडले की दात दिसायचे, आणि दात दिसले की घरातली सगळी जास्तच म्हणायची.

तरवड आमच्या बांधावर रांगेने होता. आमची जमीन माळाची, हलकी, चार बोटं खाली मुरूम. तिथं चैत्रात सगळं वाळून काडी व्हायचं आणि तरवड मात्र हिरवा, वर पिवळ्याधमक फुलांचे झुपके. त्याला कुणी पाणी घालत नसे, गुरं त्याला तोंड लावत नसत, आणि फुलं मात्र येईल त्याने तोडावीत. नवरात्रात घटावर नऊ दिवस तरवडाच्या फुलांची माळ चढायची, ती गोदाक्काच करायची. उन्हात कामाला जाणारी माणसं त्याचा पाला डोक्यावर ठेवून वरून पटका बांधायची. गोदाक्का तशीच होती. माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी, पण माय गेल्यापासून पहाटेचं जातं तिचं, चूल तिची, माझी वेणी तिची, आत्याच्या गुडघ्यांना करडईचं तेल चोळणं तिचं. तिला कुणी काही विचारत नसे आणि ती काही मागत नसे. 'हिचं बरं हाय,' आत्या म्हणायची, 'हिला काही लागतच न्हाई.' आज हे वाक्य आठवलं की मला आत्याचा राग येतो, आणि लगेच माझाही येतो, कारण मलाही तेव्हा तसंच वाटायचं.

माझं उंदीरपण मात्र खोटं नव्हतं. आमचं घर माळवदाचं होतं, मातीच्या जाड भिंती आणि मातीचंच सपाट छत. ज्वारीच्या कणगीमागे भिंतीत एक भोक होतं. त्यात माझं सगळं राज्य होतं. पेन्सिलींचे तुकडे, फुटक्या बांगड्या, जुन्या पंचांगाची कोरी राहिलेली पानं, अर्धा खाल्लेला गुळाचा खडा, दादांनी अहमदपूरच्या मोंढ्यातून आणलेल्या पुड्यांचे छापील कागद. दादा मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाल होते. सकाळी दीड तास चालत जायचे, संध्याकाळी तसेच यायचे, आणि सामान बांधलेला कागद माझ्यासाठी सरळ करून खिशात ठेवायचे. मी त्यावरची अक्षरं वाचायचे, मागे लिहायचे, आणि भोकात कोंबायचे. आत्या झाडताना कणगी सरकवायची आणि म्हणायची, 'काय करून राहिली गं ही कार्टी? पोळ्याच्या बैलाला पुरंल एवढा पसारा जमा केलाय.'

माघात ज्वारी निघाली की आमच्या गल्लीतल्या बायका उंदरांची बिळं उकरायला जायच्या. ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांना सांगते. शेतातला उंदीर ज्वारीचं उभं ताट आडवं पाडतो, कणीस कुरतडून तोडतो आणि ओढत बिळात नेतो. बांधाखाली त्याचं कोठार असतं, आत कणसं एकावर एक रचलेली. एका चांगल्या बिळात पायलीभर दाणा निघायचा. धुऊन, वाळवून दळला की त्याची भाकरी जराशी मातकट लागायची, पण भाकरीच असायची. या कामात मी गावात पहिली होते, हे मी आजही फुशारकीने सांगते. ताज्या उकरलेल्या मातीचा ढीग, ज्याला आम्ही उकीर म्हणतो, तो तर कुणालाही दिसतो. पण उंदराची पळवाट असते ती दुसरीकडे, आणि तिचं तोंड तो आतून पातळ मातीने बंद करून ठेवतो. ती मला दिसायची. मी जमिनीला गाल लावून बघायचे, बोटाने टकटक करायचे, आणि सांगायचे, इथं. बायका पहार मारायच्या, मी खांद्यापर्यंत हात घालायचे. बहुतेक बिळं तरवडाखालीच असत. तरवडाची मुळं मुरमात खोल गेलेली, त्यांनी छत धरलेलं असायचं, बीळ ढासळत नसे.

आत्याचा एक नियम होता. कोठार कितीही मोठं निघो, शेवटचं एक कणीस आत ठेवायचं आणि वर माती लोटायची. 'त्याचा वाटा,' ती म्हणायची. गल्लीतल्या सगळ्या बायका हे पाळायच्या. त्या वर्षी मी पाळलं नाही. हात आत होता, बोटांना शेवटचं कणीस लागलं, चांगलं टपोरं होतं, आणि मला वाटलं, ज्याने आमचं चोरलं त्याला कसला वाटा. मी ते बाहेर काढलं. आत्याने पाहिलं आणि फक्त एकवार मान हलवली.

त्या वर्षी मला सगळंच हवं होतं. गावातली शाळा सातवीपर्यंत. आठवी पाहिजे तर अहमदपूर. दोन वर्षांपूर्वी गोदाक्का सातवी पास झाली तेव्हा घरात कुणी आठवीचं नावही काढलं नव्हतं, कारण ती गेली तर दळणार कोण. आता मी सातवीला होते, आणि मी वर्षभर तेच नाव काढत होते. दादा रोज तिकडेच जातात, त्यांच्यासोबत जाईन आणि त्यांच्यासोबत येईन, यात कुणाचं काय जातं, असा माझा हिशेब. चैत्रात गोदाक्काला नायगावकडचं स्थळ आलं, आणि माझा हिशेब एका दिवसात उलटा झाला. अक्का गेली की दळणार कोण, याचं उत्तर घरात मी एकटीच उरले होते.

वैशाखात लग्न झालं. आमच्याकडे नव्या नवरीचं नाव बदलायची रीत, पण काही घरांत जुनं चालवूनही घेत. अक्काचं बदलावंच लागलं, कारण तिच्या सासूचंही नाव गोदावरीच होतं, आणि सासूच्या नावाने सुनेला हाक कशी मारायची. मांडवातच तिची लक्ष्मी झाली. मी तिथंच होते. लोक नवं नाव घेऊन हसत होते, तिला उखाणा घ्यायला लावत होते, आणि मला उगाच वाटून गेलं की तिचं जुनं नाव मांडवात कुठं तरी पडलं असेल आणि कुणीच ते उचललं नाही. निघताना तिने मला कुशीत घेतलं, आणि सगळ्या बायका रडत असताना कानात एवढंच सांगितलं, 'जातं जागचं हलवू नको गं. लई दिसानं नीट बसलेलं हाय ते.' मला ते लागलं. बहीण सासरी निघाली आणि तिला काळजी कसली, तर जात्याची.

दुसऱ्या दिवशी मी आत्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, दळण मी करते, स्वयंपाक मी करते, पाणी मी भरते, आणि शाळेलाही जाते. आत्या हसली. मग म्हणाली, 'मिरगापर्यंत करून दाव. एक दिस चुकली तर शाळेचं नाव घ्यायचं न्हाई.' मी केलं. कोंबडं आरवायच्या आत उठायचे, जात्यावर बसायचे. पहिल्या आठवड्यात तळहाताला फोड आले, दुसऱ्यात फुटले, तिसऱ्यात तिथं घट्टे पडले. अक्का दळताना ओव्या म्हणायची. मला त्या येत नव्हत्या, म्हणून मी पाढे म्हणायचे. एकोणतीसचा पाढा मी जात्यावर पाठ केला आहे, तो अजून चुकत नाही. भाकऱ्या सुरुवातीला नकाशासारख्या व्हायच्या. दादा मुकाट खायचे. मिरगाला दोन दिवस राहिले तेव्हा आत्या चुलीजवळ येऊन बसली, भाकरीचा पापुद्रा फुगलेला बघितला आणि म्हणाली, 'उंदीर लई हट्टी हाय रे किशन.' दादांनी पटका बांधता बांधता विचारलं, 'मग नेऊ का तिला?' आत्या म्हणाली, 'ने की. मी कवा नको म्हणलं.'

आता माझी चूक सांगते. ती माझीच, दुसऱ्या कुणाची नाही. परीक्षेनंतर आमच्या मास्तरांची बदली उमरीकडे झाली. जाताना त्यांनी माझा शाळा सोडल्याचा दाखला लिहून हातात दिला आणि बजावलं, हा सांभाळ, याच्याशिवाय तुला कुणी दारात उभं करणार नाही. मी घरी आणला. दादांच्या पेटीत ठेवला असता तर चार अक्षरांत गोष्ट संपली असती. पण माझा आत्यावर विश्वास नव्हता. वाटलं, ती मुद्दाम चुलीत घालेल. म्हणून मी तो फडक्यात गुंडाळला आणि कणगीमागच्या भोकात, अगदी आत, सरकवला. फडकं जे हाताला लागलं ते घेतलं. त्यात आधी गूळ बांधलेला होता.

अहमदपूरला नाव घालायचा उद्या शेवटचा दिवस, असं दादा मोंढ्यातून ऐकून आले. अक्काही तेव्हा आठ दिवसांसाठी माहेरी आली होती. मी ऐटीत कणगी सरकवली, भोकात हात घातला, आणि माझ्या बोटांना काहीतरी गरम, मऊ लागलं. मी हात ओढला आणि कंदील मागितला. दाखल्याच्या आणि फडक्याच्या बारीक चिंध्यांचं घरटं झालं होतं, आणि त्यात पाच गुलाबी पिल्लं, डोळे मिटलेली, एकमेकांवर पडली होती. एका चिंधीवर मास्तरांच्या निळ्या शाईतली 'पास' ही दोन अक्षरं शिल्लक होती. मी सगळ्या बिळांची तोंडं ओळखणारी, माझ्याच भिंतीत बीळ झालेलं मला कळलं नव्हतं.

आत्या येऊन वाकली, बघितलं, आणि म्हणाली, 'घ्या. उंदराची शाळा भरली.' मग हळू, 'त्याचा वाटा नेलास. त्यानं तुझा नेला.' मी रडले नाही. मला राग इतका आला होता की रडू यायला जागाच नव्हती. मी दादांना म्हटलं, उमरीला जाऊ, मास्तरांना शोधू. दादा म्हणाले, लेकरा, उमरी का शेजारी हाय, आणि रजिस्टर तर हितल्या कुलपात, आणि नवा मास्तर अजून आलाच न्हाई. मी म्हटलं, मग तसंच जाऊ, मी त्यांना सगळं तोंडी म्हणून दाखवते. पुढच्या वर्षी बघू, असं आत्या म्हणाली. पुढचं वर्ष म्हणजे काय ते मला माहीत होतं. पुढच्या वर्षी नायगावसारखंच कुठलं तरी गाव माझ्यासाठीही निघालं असतं.

सकाळी मी जात्याकडे गेले तर अक्का तिथं आधीच बसली होती, पण दळत नव्हती. म्हणाली, 'मथे, हात लाव. उचलू लाग.' माझं नाव मथुरा. आम्ही वरची तळी काढून बाजूला ठेवली, मग खालची जड तळी दोघींनी मिळून कलती केली. खाली पोतं होतं, पोत्याखाली राख, आणि राखेत चहाचा पत्र्याचा चपटा डबा. महिनाभर रोज पहाटे मी त्याच्यावर जातं फिरवत एकोणतीसचा पाढा म्हणत होते. अक्काने झाकण नखाने उचकटलं. आत तिचा दाखला होता. चार घड्या, एकही कोपरा दुमडलेला नाही. त्याच्याखाली दोन निळ्या रिबिनी, दुकानातून आणल्या तशाच, घडीसुद्धा न मोडलेल्या.

'अक्का, हे कामून ठेवलंस?'

'असंच.'

'तू जाणार होतीस?'

'कुठली जाते मी.' तिने राख झटकली. 'पण कागद होता तवर जाता आलं असतं.'

मी तिच्याकडे बघत राहिले. आत्याने तिला तरवड म्हटलं होतं आणि आम्ही सगळ्यांनी ते मान्य केलं होतं. तरवडाखाली बीळ असतं हे गावात सगळ्यात जास्त मला ठाऊक, आणि माझ्याच घरातलं मला दोन वर्षं दिसलं नाही, कारण मी कधी जमिनीला गाल लावून पाहिलंच नाही. या वाक्यापाशी मी आज सकाळपासून थांबले आहे. पुढे लिहायचं म्हणजे तो कागद पुन्हा तिच्या हातातून घ्यायचा.

'हा घेऊन जा,' अक्का म्हणाली.

'याच्यावर तुझं नाव हाय.'

'माझं कुठलं? तिथं मला लक्ष्मी म्हणतेत. गोदावरी माझी सासू. ते नाव आता रिकामंच हाय गं. ने तू.'

आत्या उंबऱ्यात उभी होती, कधीपासून कोण जाणे. मला वाटलं, आता संपलं, ही ओरडणार. ती दोघींकडे बघत राहिली. तिच्याही लग्नात तिचं नाव बदललं होतं आणि वर्षभरात ते परत जुनं झालं होतं. नावाचं असं येणं-जाणं तिला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मग ती गुडघ्यावर हात देत आत आली, 'तळी ठिवा जागेवर' म्हणाली, आणि आम्ही ठेवल्यावर स्वतः जात्यासमोर बसली. किती वर्षांत ती जात्यावर बसली नव्हती. 'बघता काय? तिची वेणी घाल गोदे. लेकरू उपाशी जाईन का शाळंला?' अक्काने माझ्या वेण्या घातल्या आणि त्या निळ्या रिबिनी बांधल्या. त्या बांधताना ती एकेक पदर पुन्हा पुन्हा सरळ करत होती, आणि मी मात्र, खरं तेच सांगते, वेण्यांची टोकं पुढं घेऊन रिबिनी कशा दिसतात ते बघत होते.

वाटेत दादा पुढं चालत राहिले. मी त्यांना सगळं सांगितलं होतं. त्यांनी हुं म्हटलं नाही की न्हाई म्हटलं नाही. शाळेतला कारकून चष्म्यावरून बघणारा होता. त्याने दाखला उलटा-सुलटा केला आणि विचारलं, 'नाव काय मुलीचं?' दादांनी तोंड उघडलं. त्यांना आयुष्यात खोटं बोलता आलं नाही, मोंढ्यात पोतं फाटलं तर फाटलं म्हणून सांगणारा माणूस. त्यांचे ओठ 'म'वर आलेले मला दिसले. मी पुढं होऊन म्हटलं, 'गोदावरी किशनराव.' दादांनी तोंड मिटलं.

कारकुनाने मला आपादमस्तक बघितलं. 'चौदा पूर्ण? दिसत नाही.'

मी दादांच्या धोतराचा सोगा धरला. दादा खाली बघत म्हणाले, 'माय न्हाई साहेब तिला. वाढली न्हाई पोरगी.' यात खोटं एक अक्षर नव्हतं. कारकुनाने जन्मतारीख उतरून घेतली आणि दौत पुढं सरकवली. दादांनी सही केली, ती नेहमीपेक्षा मोठी आणि वाकडी आली. बाहेर लिंबाखाली आल्यावर ते म्हणाले, 'आता ह्या नावाला कमीपणा आणू नको. दुसऱ्याचं हाय.' पुढची सगळी वर्षं मी कधी शाळा बुडवली नाही. तापातसुद्धा गेले. लोक म्हणायचे, मुलगी जिद्दी आहे. जिद्द होतीच; पण दुसऱ्याची वस्तू आणली की जपून वापरावी लागते, तेही होतं.

आठवीच्या पहिल्याच आठवड्यात विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर मधोमध रेघ मारली. वनस्पती आणि प्राणी यांतील फरक लिहा, उदाहरणासह. सगळ्यांनी आंबा आणि गाय लिहिलं. मी एकीकडे तरवड लिहिला, दुसरीकडे उंदीर. तरवड एका जागी राहतो, उंदीर हिंडतो. तरवड आपलं अन्न आपण तयार करतो. त्याच्यासमोर लिहायचं होतं, उंदीर दुसऱ्याचं खातो. ते लिहिलं आणि माझा टाक तिथंच थांबला. वहीच्या पुठ्ठ्यावर अक्काचं नाव होतं, वेणीत तिच्या रिबिनी होत्या, आणि घरी पहाटे आत्या दुखऱ्या गुडघ्यांनी दळत होती, कारण त्या दिवसापासून तिने मला जात्यावर बसू दिलं नव्हतं. सर माझ्या बाकाजवळ आले, वाचलं, म्हणाले, 'बरोबर आहे की. पुढं लिही.' मी पुढं लिहिलं: तरवडाच्या मुळांनी बिळाचं छत धरलेलं असतं. सरांनी त्याखाली लाल रेघ मारली. हा फरक नव्हे, असं बाजूला लिहिलं. सरांचं चुकलं नव्हतं.

मी शिकले, शिक्षिका झाले, लातूरच्या एका शाळेत तेच विज्ञान शिकवलं, तीच रेघ मधोमध मारली. कागदावर सगळीकडे, लग्नानंतरही, मी गोदावरी किशनराव. गावी गेलं की मथी. माझा मुलगा म्हणतो, आई, हे छापू नकोस, पेन्शन बंद करतील. करू देत. त्या वर्षी मी बिळात शेवटचं कणीस ठेवलं नव्हतं, आता या वयात एक ठेवते. खरं म्हणजे एक आधीच गेलं आहे. कागदावर मी दोन वर्षांनी मोठी, म्हणून दोन वर्षं आधी निवृत्त झाले. सहकारी हळहळले, बाई, तुमच्यात अजून किती दम आहे. मला त्याचं काही वाटलं नाही. ती दोन वर्षं अक्काची होती.

निरोपाच्या कार्यक्रमाला अक्का नायगावहून एसटीने आली. नऊवारी, डोक्यावर पदर, पिशवीत माझ्यासाठी धपाटी आणि कागदात गुंडाळलेली तरवडाची एक फांदी. आत्या, दादा तोवर कधीच गेले होते. अक्का तिसऱ्या रांगेत बसली. भाषणं झाली, आणि मग सूत्रसंचालन करणाऱ्या तरुण शिक्षिकेने माइकवरून म्हटलं, 'श्रीमती गोदावरी किशनराव यांना विनंती आहे की त्यांनी सत्कारासाठी पुढे यावं.' मी पदर सावरून उठणार, तेवढ्यात मला दिसलं, तिसऱ्या रांगेत अक्का उभी राहिली होती.

क्षणभर तिला स्वतःलाच कळलं नाही. मग लोक वळून बघायला लागले तशी ती गोंधळली, शेजारच्या बाईला म्हणाली, आणि सभागृह इतकं शांत होतं की मलाही ऐकू आलं, 'चुकून उठले बाई. लई वर्सांनी कुणीतरी हाक मारली.' आणि ती खाली बसू लागली.

मी व्यासपीठावरून उतरले आणि तिच्या रांगेत गेले. ती 'अगं, कामून, लोक बघतेत' म्हणत राहिली. मी तिचा हात सोडला नाही. त्या तळहातावर जात्याचे घट्टे अजून होते; माझे कधीच गेले होते. पायऱ्या चढताना तिचा गुडघा दुखत होता म्हणून आम्ही सावकाश चढलो. मुख्याध्यापकांच्या हातात शाल होती आणि ती कुणाला घालायची ते त्यांना कळेना. मी म्हटलं, 'नाव यांचं आहे. यांना घाला.'

त्या दिवसाचा फोटो माझ्या खोलीत आहे. शाल अक्काच्या खांद्यावर, नारळ माझ्या हातात, दोघींचेही डोळे मिटलेले, कारण छायाचित्रकाराने फार वेळ लावला. फोटोखाली शाळेने छापील पट्टी चिकटवून दिली आहे, तिच्यावर एकच नाव आहे. मुलगा म्हणतो, दुसरंही घालून घेऊ. मी त्याला नको म्हटलं आहे.